एका चुकीनंतर

मेलबर्न शहराचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकले ते क्रिकेटच्या निमित्ताने. हिवाळ्याच्या पहाटे अंथरुणात बसून, रेडिओला कान लावून तेथील धावते वर्णन ऐकणारी माणसे अजूनही आपल्या घराघरांत आहेत. परंतु ज्या विशाल मैदानावर ते क्रिकेट चालते, त्याच मैदानावर तिकडचा हिवाळा आला की एक निराळाच खेळ रंगतो, आणि त्या शहराचा खरा जीव त्या खेळावर जडलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ हे त्याचे नाव. या खेळात नाव कमावलेल्या जिम स्टाइन्स नावाच्या एका परदेशी माणसाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती पराक्रमाची आहेच. पण आम्हांस ती सांगावीशी वाटली, ती त्याच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

प्रथम या खेळाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. त्याचे नियम १८५९ साली मेलबर्न येथे लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लंबगोल, आणि प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायाने टोलावून पार केला की ६ गुण. कडेच्या खांबांतून गेला तर १. चेंडू हातात घेऊन धावता येते, मात्र ठराविक अंतरावर तो जमिनीवर आपटून पुन्हा घ्यावा लागतो. साथीदाराकडे तो फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. दुरून टोलावलेला चेंडू कोणी हवेतच झेलला, किंवा प्रतिपक्षाने काही आगळीक केली, की खेळ क्षणभर थांबतो आणि त्या खेळाडूस निर्वेधपणे किक मारण्याचा हक्क मिळतो. अशा वेळी ठरलेल्या जागेवर प्रतिपक्षाचा एकच माणूस उभा राहू शकतो. त्या दोघांमधून दुसऱ्या कोणी आडवे धावत जाणे हा गुन्हा मानला जातो. हा शेवटचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्या कथेचा सारा भार त्यावर आहे.

जिम स्टाइन्सचा जन्म २३ एप्रिल १९६६ रोजी आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे झाला. आयरिश लोकांचा स्वतःचा असा गेलिक फुटबॉल आहे. त्याचा चेंडू वाटोळा, मैदान चौकोनी, आणि तो खेळणाऱ्यास पैसा मिळत नाही. खेळायचे ते आपल्या परगण्याच्या अभिमानापोटी. १९८४ साली डब्लिनच्या कुमार संघाने अखिल आयर्लंडचे अजिंक्यपद मिळवले, त्या संघात हा उंचनिंच मुलगा होता. त्याच सुमारास मेलबर्न क्लबाचे विख्यात प्रशिक्षक रॉन बरासी यांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. आयर्लंडची उंच, चपळ पोरे आणावीत, त्यांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि आपला खेळ शिकवावा. वर्तमानपत्रात जाहिरात आली. अठरा वर्षांच्या जिमने अर्ज केला, त्याची निवड झाली, आणि १९८४ साल संपण्यापूर्वी तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचला.

तिकडचे पहिले दिवस सोपे नव्हते. वाटोळा चेंडू आपटला की कोठे उसळेल हे सांगता येते. लंबगोल चेंडू कोणत्या दिशेस उडी घेईल याचा नेम नसतो. जी मुले चालू लागल्यापासून तो खेळतात, त्यांच्यात हा अठराव्या वर्षी धुळाक्षरे गिरवायला बसला. खालच्या संघांतून खेळून झाले. १९८६ मध्ये तर सरावासाठी त्याला प्रहरान नावाच्या दुसऱ्या क्लबाकडे धाडण्यात आले. अखेर १९८७ साली मेलबर्नच्या मुख्य संघात त्याला स्थान मिळाले.

ते वर्ष क्लबाच्या दृष्टीने मोठे भाग्याचे ठरेल असे वाटत होते. १९६४ साली अजिंक्यपद मिळवल्यानंतर या जुन्या क्लबाला बाद फेरीचे दर्शनही घडले नव्हते. तेवीस वर्षांनी तो योग आला. १९ सप्टेंबर १९८७ रोजी वेव्हर्लीच्या मैदानावर हॉथॉर्न संघाशी गाठ पडली. जिंकणारा अंतिम सामन्यात जाणार होता. अगदी शेवटच्या क्षणी मेलबर्न ४ गुणांनी पुढे होते. इतक्यात हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला मोकळी किक मिळाली. वेळ संपल्याचा भोंगाही वाजला. परंतु आधी मिळालेली किक भोंग्यानंतरही मारता येते. अंतर मोठे होते. नेमक्या त्याच वेळी जिम स्टाइन्स, आपल्या वाटेने कोणाला तरी गाठण्याच्या नादात, बकनारा आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या खेळाडूच्या मधून धावत गेला. पंचाने बकनाराला १५ मीटर पुढे आणले. चेंडू मधल्या खांबांतून पार झाला. हॉथॉर्न २ गुणांनी जिंकले.

हजारो माणसांनी तेवीस वर्षे वाट पाहावी आणि एका एकवीस वर्षांच्या परक्या पोराच्या चार पावलांनी ती वाट मोडावी! जो नियम तेथले शाळकरी पोरही मोडणार नाही, तो त्याने मोडला होता. त्यानंतर त्याने सामान बांधून डब्लिनची वाट धरली असती, तरी त्याला कोणी फारसा दोष दिला नसता. तो परत आला, आणि खेळत राहिला.

किती खेळत राहिला, हे आकड्यांतच सांगितले पाहिजे. १९८७ च्या मध्यापासून १९९८ पर्यंत त्याने एकही सामना न चुकवता सलग २४४ सामने खेळले. त्या काळापर्यंत कोणाही खेळाडूला हे साधले नव्हते. धक्काबुक्कीच्या या खेळात दुखापत होणे हा नित्याचा प्रकार. तरी ही साखळी तुटली ती शेवटी हाताचे हाड मोडले तेव्हाच. आणि गंमत अशी की, ती दुर्दैवी चुकीची लढतही याच मालिकेतील एक आहे. १९८८ साली मेलबर्न अंतिम सामन्यात पोहोचले आणि पुन्हा हॉथॉर्नकडूनच, या वेळी ९६ गुणांनी, हरले. तेही त्याने सोसले. १९९१ साली त्याला ब्राऊनलो पदक मिळाले. प्रत्येक सामन्यानंतर पंच जी मते देतात, त्यांच्या बेरजेवरून सर्वोत्तम आणि नियमाने खेळणाऱ्या खेळाडूस हे पदक दिले जाते. परदेशात जन्मून, परदेशातच वाढून त्याचा मानकरी ठरलेला हा पहिलाच खेळाडू. ज्याच्या नावावर नियमभंगाची सर्वांत महागडी चूक, त्याला पंचांनी हा मान द्यावा, यात काही काव्यगत न्याय आहे असे आम्हांस वाटते.

परंतु जिमचे मोठेपण एवढ्यावर थांबत नाही. धंदेवाईक खेळाडूला प्रसिद्धी मिळते; तिचे करायचे काय, हे त्याचे त्याने ठरवायचे असते. १९९४ साली, खेळ ऐन भरात असताना, चित्रपट दिग्दर्शक पॉल करी यांच्यासमवेत त्याने ‘रीच’ नावाची संस्था काढली. घरात, शाळेत किंवा स्वतःच्याच मनात वाट हरवलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र बसवायचे, त्यांना मोकळेपणी बोलते करायचे आणि आपण टाकाऊ नाही ही खात्री पटवायची, असे तिचे काम. ज्याने स्वतः साऱ्या शहरादेखत चूक केली आणि तरी जो उभा राहिला, त्याचे बोलणे मुलांना पोकळ वाटण्याचे कारण नव्हते. २६४ सामने खेळून १९९८ मध्ये तो निवृत्त झाला, पण हे काम चालूच राहिले.

२००८ साली मेलबर्न क्लब कर्जात बुडाला होता. सुमारे ५० लाख डॉलरांचा तो बोजा होता. ज्या क्लबाचे स्वप्न एकदा आपल्या पायाने मोडले, त्याचे अध्यक्षपद जिमने स्वीकारले. पुढच्याच वर्षी त्याला कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. तो मेंदूपर्यंत पसरला. शस्त्रक्रिया, औषधोपचार चालू असताना तो देणगीदारांना भेटत राहिला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये क्लबाचे कर्ज फिटले. २० मार्च २०१२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, जिम स्टाइन्सने देह ठेवला. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याची शासकीय इतमामाने अंत्ययात्रा झाली. आयर्लंडहून आलेल्या या मुलाला त्या शहराने आपल्या घरच्या माणसाप्रमाणे निरोप दिला.

१९६४ नंतर मेलबर्नला पुन्हा अजिंक्यपद मिळाले ते २०२१ साली. ते पाहावयास जिम नव्हता. पण ज्या क्लबाने ते जिंकले, तो कर्जमुक्त होऊन उभा राहिला त्यात त्याचा हात होता.

पोट भरण्यासाठी किंवा नशीब अजमावण्यासाठी दुसऱ्या मुलखात जाऊन राहिलेल्या आमच्यासारख्यांना या कथेतून एक गोष्ट उमजते. परका मुलूख आपला कधी होतो? तेथील भाषा, रीत, खेळ शिकलो म्हणून? ते तर झालेच पाहिजे. पण आपल्या हातून तेथे नुकसान झाले असता पाठ न फिरवता जो ते भरून देतो, आणि देताना हिशेब ठेवत नाही, तो तेथला होतो. घरातल्या एखाद्या मुलाच्या हातून परीक्षेत, खेळात अथवा व्यवहारात चारचौघांदेखत चूक झाली, तर रागे भरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याला जिम स्टाइन्सची ही गोष्ट जरूर सांगावी. त्या चार पावलांची गोष्ट सांगून मात्र थांबू नये. पुढच्या २४ वर्षांचीही सांगावी.