सव्वासात हजार डॉलरची वायर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दिवाळीच्या खरेदीत टीव्हीच्या जोडीला होम थिएटरही घरी येऊ लागलं. बिल होता होता काउंटरवरचा मुलगा हळूच विचारतो, "सर, केबल प्रीमियम देऊ ना?" सोनेरी टोकं, अजगराएवढी जाड विणलेली खोळ, खोक्यावर 'ऑक्सिजन फ्री कॉपर'.

स्पीकरच्या वायरीत बघायचा तो रोध. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे जेमतेम दोन टक्के, कानाला पत्ताही लागत नाही. चार ओहमच्या स्पीकरला फार बारीक वायर लांबवर ओढली तर मात्र आवाजाचा तोल ढळतो, कारण स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला सारखा नसतो. त्यावर इलाज म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच एमएमची साधी वायर.

वायरीची रचना खरोखर ऐकू येते ती रेकॉर्ड प्लेयरवर, आणि सध्या तबकड्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. सुई बसवलेल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधलं तारेचं वेटोळं आणि केबलचं कपॅसिटन्स (वीजभार साठवायची क्षमता) मिळून एक अनुनाद तयार होतो. केबल लांब असेल, कपॅसिटन्स वाढलं असेल, तर हा अनुनाद खाली सरकून ऐकू येण्याच्या पट्टीत शिरतो. मग झांजा आधी टोचतात आणि त्याच्या वरचं सगळं गळून पडतं. इथे केबल आखूड हवी, कमी कपॅसिटन्सची हवी आणि घरघर टाळायला तिचं शील्डिंग नीट हवं. महाग असायची गरज नाही. उलट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कपॅसिटन्स भरमसाट असलेल्या काही खास विणीच्या स्पीकर केबलींनी अॅम्प्लिफायर अस्थिर करून जाळले होते!

एचडीएमआयचं तर बोलायलाच नको. सिग्नल पोचला तर पोचला, नाही तर चित्र-आवाज तुटतो. सोन्याच्या टोकांनी बास वाढत नाही.

माझा सगळ्यात आवडता किस्सा २००७ चा. बारा फुटी स्पीकर केबलच्या जोडीला ७,२५० डॉलर मोजायला लावणाऱ्या एका कंपनीला जादूगार जेम्स रँडी यांनी आव्हान दिलं: डोळे झाकून साध्या चांगल्या केबलपेक्षा फरक ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घ्या. कंपनीने अंग काढून घेतलं. पुढे बरीच तणातणी झाली, चाचणी काही झालीच नाही. दहा लाख सोडून देणारी मंडळी तुमच्या खिशातले हजार मात्र सोडत नाहीत.

तेव्हा दुकानात फक्त एमएम विचारा आणि मीटरचा भाव विचारा. वाचलेल्या पैशांत हॉलला जाड पडदे आणि गालिचा घ्या. गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंतींवर घुमणारा आवाज कुठलीच केबल सुधारणार नाही.