सनदी नोकरीची वाट (भाग ६) : वयाची अट

गेल्या आठवड्यात आपण हेलीबरीच्या कॉलेजापर्यंत आलो होतो. संचालकांनी आपल्या गोतावळ्यातली मुले निवडायची, हेलीबरीत शिकवायची आणि हिंदुस्थानात पाठवायची, ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी रीत १८५३ च्या सनदी कायद्याने मोडली. पुढच्याच वर्षी मेकॉले यांच्या समितीने अहवाल दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली.

समितीने आखलेला गुणांचा तक्ता नीट वाचण्यासारखा आहे. एकूण गुण ६८७५. त्यात इंग्रजी भाषा, इतिहास आणि साहित्य मिळून १५००, गणित १०००, ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. निसर्गविज्ञान आणि नीतिशास्त्र-तर्क यांना प्रत्येकी ५००. फ्रेंच, जर्मन, इटालियन, संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. कोणते विषय घ्यायचे हे उमेदवाराने ठरवायचे. मात्र वरवरच्या माहितीला एकही गुण देऊ नये, असे समितीने बजावले होते. हिंदुस्थानचा कायदा, इतिहास आणि देशी भाषा या परीक्षेत नव्हत्याच. त्या निवड झाल्यावर, उमेदवारीच्या काळात शिकायच्या. निवड न झालेल्या मुलाचा अभ्यास वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, पण तो इंग्लंडमधल्या मुलाचा होता. पुण्यात किंवा कलकत्त्यात लहानपणापासून संस्कृत शिकलेल्या मुलाने त्यात कितीही प्रावीण्य मिळवले, तरी त्याचे मोल ग्रीकच्या बरोबर निम्मे ठरत होते.

तरीही खरी अडचण विषयांची नव्हती. विषय घोकून तयार करता येतात. वय कसे तयार करणार? १८५५ मध्ये वयोमर्यादा १८ ते २३ होती. १८६० मध्ये वरची मर्यादा २२ झाली, १८६६ मध्ये २१. तेवढ्या वयात घरच्यांची समजूत घालायची, समुद्रपर्यटनासाठी जातीचा रोष पत्करायचा, कर्ज काढायचे, लंडन गाठायचे आणि तिथल्या मुलांशी त्यांच्याच भाषेत टक्कर द्यायची. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवले. त्यांची नेमणूक आपल्या मुंबई इलाख्यात झाली. ते साताऱ्याला न्यायाधीश होते, आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले.

१८६९ मध्ये एकदम चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी शेवटच्या दोघांची नावे सनदी परीक्षा आयुक्तांनी वयाच्या कारणावरून यादीतून काढली. मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांचे वय सोळा नोंदले होते. आपल्याकडे चालू वर्ष मोजण्याची पद्धत आहे. सोळावे लागले की मुलगा सोळा वर्षांचा. आयुक्तांनी तोच आकडा पूर्ण झालेल्या वर्षांचा धरला आणि दोघांनी एकवीस ओलांडले असा निष्कर्ष काढला. सुरेंद्रनाथ इंग्लंडच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. आयुक्तांना माघार घ्यावी लागली आणि त्या निकालाचा लाभ ठाकुरांनाही मिळाला. परीक्षेत गुणवत्ता सिद्ध केलेल्या तरुणाला जन्मतारखेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे मला आजही अस्वस्थ करते. ठाकुरांचे नाव तर महाराष्ट्रातही फारसे कुणाला आठवत नाही, आणि ते आठवायला हवे.

याहून मोठा घाव पुढे बसला. भारतमंत्री लॉर्ड सॅलिस्बरी यांनी वरची मर्यादा १९ वर आणली आणि १८७८ पासून ती लागू झाली. हिंदुस्थानात मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी मॅट्रिक होई आणि विशीच्या आसपास बी. ए. म्हणजे पदवी हातात पडण्याआधीच परीक्षेचे वय संपलेले. कायद्यात हिंदी माणसाला मज्जाव नव्हता, पण दार अशा उंचीवर नेऊन ठेवले होते की मुलाला बालपणीच विलायतेत पाठवल्याशिवाय तिथे हात पोचू नये. सुरेंद्रनाथ तोवर सरकारी नोकरीतून बडतर्फ झाले होते. या नियमाविरुद्ध सभा घेत ते उत्तर हिंदुस्थानापासून मुंबई-पुण्यापर्यंत फिरले. एका परीक्षेच्या वयोमर्यादेवर साऱ्या देशाचे एकमत घडवण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, आणि काँग्रेसच्या स्थापनेआधीच्या राजकारणात मी त्याला फार वरचे स्थान देतो.

बालपणी विलायतेत पाठवणे म्हणजे काय, हे अरविंद घोषांच्या चरित्रात दिसते. ते सातव्या वर्षी इंग्लंडला गेले, तिथेच वाढले आणि १८९० मध्ये अठरावे पूर्ण होण्याच्या सुमारास अकरावा क्रमांक मिळवून परीक्षा उत्तीर्ण झाले. ग्रीक आणि लॅटिन तर त्यांच्या हातचा मळ. पण त्यानंतर दोन वर्षांची उमेदवारी होती आणि तिच्या शेवटी घोडेस्वारीची परीक्षा. जिल्हाभर घोड्यावरून फिरती करणाऱ्या अधिकाऱ्याला बसता यायलाच हवे, म्हणून ती सक्तीची. अरविंद तिथे उत्तीर्ण ठरले नाहीत आणि १८९२ मध्ये त्यांची निवड रद्द झाली. पुढे ते सयाजीरावांच्या बडोद्यात नोकरीला आले, तिथे मराठी-गुजराती शिकले आणि मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर त्यांनी सडकून लिहिले.

त्याच सुमारास, एचिसन आयोगाच्या शिफारशीनंतर, वरची मर्यादा पुन्हा २३ झाली. आता मागणी उरली ती परीक्षा हिंदुस्थानातही घेण्याची. दादाभाई नौरोजी पार्लमेंटमध्ये असताना, १८९३ मध्ये, कॉमन्स सभेने दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव मंजूर केला. सरकारने तो अंमलात आणला नाही. रायगडातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले, तेही लंडनलाच. हिंदुस्थानच्या भूमीवर, अलाहाबादला, ही परीक्षा १९२२ मध्ये सुरू झाली. ठरावापासून एकोणतीस वर्षांनी! एकोणीस वर्षांच्या मर्यादेत हुकलेल्या मुलांच्या मुलांनाच तिचा उपयोग झाला असेल.

पुढच्या भागात नोकरीत शिरल्यानंतरच्या परीक्षा पाहू : खालच्या आणि वरच्या दर्जाची खातेपरीक्षा, साहेबाला द्यावी लागणारी मराठीची परीक्षा, आणि त्यांच्यावर अडलेली बढती.