धरण भरले, पण उधारी किती द्यावी?

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यात कापडाची गिऱ्हाईकी कांद्यावर चालते आणि कांदा पाण्यावर. म्हणून "धरण १०० टक्के भरले" ही बातमी येताच व्यापारी बांधव उधारीचा हात सैल सोडतात. आम्हीही सोडत होतो.

धरणातील सर्व पाणी शेताला मिळत नसते. कालव्याच्या तोंडाखालचे पाणी कालव्यात येत नाही, तो मृतसाठा. वरचा उपयुक्त साठा. त्यातूनही पिण्याचे पाणी आधी राखले जाते, उन्हाने उडणारे वजा होते. रब्बीच्या पाळ्यांचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होते. तेव्हा ऑगस्टमध्ये सांडव्यावरून वाहून गेलेले पाणी आपल्या हिशोबात धरू नये.

आता वहीतला हिशोब. एक दशलक्ष घनफूट म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख लिटर पाणी. एका हेक्टरवर ८ सेंटिमीटर पाणी भरायला ८ लाख लिटर लागते. म्हणजे कागदावर ३५ हेक्टरची एक पाळी झाली. पाटचारीत निम्मे मुरले असे धरले तर उरले १७ हेक्टर. कांद्याला एक पाळी देऊन भागत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातले मूलही सांगेल.

सरकारी व्याख्येत २००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्राचा प्रकल्प लघु होय. अशा लहान तलावांत गाळाची गोष्ट मोठी असते. गाळाने जागा खाल्ली, तरी पाणी सांडव्याला लागले की टक्केवारी शंभरच छापली जाते, कारण ती बहुधा जुन्या क्षमतेवर काढलेली असते.

याच आकड्यावर विसंबून आम्ही एका वर्षी एका तलावाखालच्या तीन गावांत लग्नसराईचा माल उधार दिला. पहिली पाळी आली, दुसरी अर्ध्या चारीत आटली, तिसरी आलीच नाही. शेवटच्या टोकाच्या शेतांत कांदा लिंबाएवढा राहिला. वसुलीला दोन वर्षे लागली. गिऱ्हाईक बेईमान नव्हते. चूक आमची होती. व्याज घ्यायचे नाही हे तर आपले ठरलेलेच, त्यामुळे अडकलेले भांडवल नुसते अडकून राहिले.

मोसम आणि पांझरा नद्यांवरील जुन्या फड पद्धतीत पाणी किती, त्यावरून किती फड भिजवायचे हे गावच ठरवी आणि पाटकरी ते वाटे. आज आम्ही उधारी देण्याआधी पाटकऱ्यालाच विचारतो: पाळ्या किती ठरल्या, आणि गिऱ्हाइकाचे शेत चारीच्या तोंडाशी आहे की शेपटाशी? शेपटाशी असेल तर विहिरीला पाणी किती, तेही विचारून घेतो. त्यानंतरच वही उघडतो.