खाऱ्या पाण्याची मोठी टाकी : आधी सांडवा, मग मासे

किनाऱ्यावरील एखादा निवास-न्याहारी चालविणारा गृहस्थ ग्रामसेवकाला विचारतो, "ओसरीवर समुद्रतळाच्या देखाव्याची सहा फुटी टाकी मांडावयाची आहे. काच किती जाडीची घ्यावी?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याआधी एक प्रश्न त्या गृहस्थालाच विचारणे अगत्याचे आहे : रात्री दोन वाजता वीज गेली, तर टाकीतील पाणी कोठे जाईल?

अशा टाकीची रचना दोन मजली असते. वरच्या टाकीत मासे व खडक. तिच्याखाली कपाटात तळटाकी. वरचे पाणी सांडव्यावरून नळाने खाली उतरते, तळटाकीत गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. पंप बंद पडताच पाणी चढणे थांबते. उतरणे मात्र चालूच राहते. बंधाऱ्याच्या सांडव्याचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

टाकी १८० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व ६० सेंमी उंच आहे असे धरू. तिच्यातील पाण्याचा प्रत्येक १ सेंमीचा थर १०.८ लिटरचा असतो. पाणी वर आणणाऱ्या नळाचे तोंड पृष्ठभागाखाली ५ सेंमीवर असेल, तर वीज जाताच तोच नळ वक्रनळीप्रमाणे उलटा वाहू लागतो आणि ५४ लिटर पाणी खाली येते. सांडव्याच्या पेटीतील व नळांतील पाणी मिळवून हा आकडा ७० लिटरांपर्यंत जातो. आता तळटाकी १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद व ४५ सेंमी उंच घेतली आणि तीत नेहमीचे पाणी २५ सेंमी ठेवले, तर वरची २० सेंमी मोकळी जागा १०८ लिटरांची होते. ७० लिटर पाणी तीत सुखाने मावते. परंतु पाणी टाकीत खोलवर खेळावे या हेतूने नळाचे तोंड ३० सेंमी खाली नेले असेल, तर ३२४ लिटर पाणी परत येईल. तळटाकी भरून दोनशेहून अधिक लिटर खारे पाणी घरात पसरेल, आणि वरचे मासे अर्ध्या पाण्यात तडफडतील.

यावर दोन तोडगे सुचविले जातात. नळाला पृष्ठभागालगत बारीक भोक पाडले की हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो, हे खरे; पण भोक शेवाळाने बुजते. एकदिशा झडपेवर क्षार व चुना साचून ती अर्धवट उघडी राहते. दोन्ही बसवावयास हरकत नाही. हिशेब मात्र ती नाहीतच असे धरून करावा.

खाली उतरणारे नळ दोन असावेत. पहिल्यावर गेट व्हॉल्व्ह बसवून तो इतकाच उघडावा की नळ पूर्ण भरून, आवाज न करता वाहील. त्याचे खालचे टोक तळटाकीच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडालेले असावे, म्हणजे वीज परत आल्यावर नळातील हवा सहज बाहेर पडते. दुसऱ्याचे तोंड किंचित उंच ठेवावे. तो एरवी कोरडा असतो. पहिल्यात गोगलगाय अडकली, की सर्व पाणी त्याने वाहून न्यावयाचे असते. त्यावर झडप कदापि बसवू नये. टँक निपलसाठी काचेला भोक टाकी जोडण्यापूर्वीच पाडून घ्यावे. टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, हे विसरल्यामुळे पैसे वाया जातात.

पंप निवडताना विहिरीवरील पंपाचाच नियम लावावा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तळटाकीतून वर दीड मीटर चढविल्यावर ताशी १८०० ते ३००० लिटर पाणी मिळाले, म्हणजे टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट, तर ते पुरे. पंपाजवळ युनियन असावे, नाहीतर साफसफाईच्या दिवशी नळ कापावा लागतो. नळ पीव्हीसीचे घ्यावेत. गावातील दुकानात मिळणारी पितळी तोटी किंवा तांब्याचा तुकडा या पाण्याला लागू देऊ नये. सुटणाऱ्या तांब्याने शंख-शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या जातीचे जीव मरतात.

गाळण्याचे काम तळटाकीत क्रमाने होते. प्रथम कापडी पिशवी. ती दोन-तीन दिवसांनी धुतलीच पाहिजे, अन्यथा अडकलेली घाण तीतच कुजते. नंतर फेसगाळणी, म्हणजे स्किमर. समुद्राच्या लाटेवर जसा फेस येतो, तसा बारीक बुडबुड्यांचा फेस करून ती विरघळलेली सेंद्रिय घाण बाहेर काढते. तिच्या कप्प्यातील पाण्याची उंची स्थिर राहावी म्हणून पुढे आडवी काच लावतात. परंतु खरे शुद्धीकरण सच्छिद्र खडकावरील जीवाणू करतात : माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे ते प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडकावर चालणाऱ्या टाक्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून हौशी लोकांचे याकडे लक्ष गेले. हे जीवाणू जमण्यास चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई करू नये.

खडक म्हणजे समुद्रातून उचललेला दगड मात्र नव्हे. भारतात खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथून प्रवाळाचा तुकडा आणणे हा गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो. आपल्याकडील देखावा भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र दगडांचाच करावा. मासेही बीजगृहातील घ्यावेत; विदूषक माशांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे.

बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून भर घालावयाची ती आरओच्या गोड्या पाण्याची, तरंगत्या झडपेने, तळटाकीतील पंपाच्या कप्प्यात. ही झडप गच्चीवरील टाकीला थेट जोडण्याचा मोह होतो. झडप अडकली तर घर आणि टाकी दोन्ही जातात. वीस लिटरचा डबा ठेवावा. तो सबंध रिकामा झाला, तरी ७३० लिटर पाण्याची क्षारता ३५ वरून ३४ वर येईल, इतकेच.

वीज दीर्घकाळ गेल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो, यास्तव बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ असावा. तारांना प्लगच्या पातळीखाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब प्लगपर्यंत ओघळत नाही. गळती होताच वीज तोडणारा स्विचही अवश्य बसवावा. भरलेल्या टाकीचे वजन काच व दगड धरून ८०० किलोच्या आसपास जाते, तेव्हा लाकडी माळ्याचा विचार सोडावा.

सर्व जोडणी झाल्यावर मीठ न घालता साध्या पाण्याने टाकी चालवावी. मग मुख्य स्विच बंद करावा आणि पाणी उतरणे थांबेपर्यंत वाट पाहावी. स्विच पुन्हा सुरू करावा. असे दहा वेळा करावे. पुढे पहिल्या नळाच्या तोंडात कापडाचा बोळा घालून दुसरा नळ एकटा सर्व पाणी वाहून नेतो की नाही, ते पाहावे. शेवटी बोळा काढून, पंप नीट चालू असताना तळटाकीतील पाणी जेथे स्थिरावते, तेथे काचेवर रंगाची रेघ मारावी. त्या रेघेच्या वर तळटाकी कधीही भरू नये.