चेहरा भाड्याने देणे आहे

उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर शहरात एका सराफी पेढीने होर्डिंग लावलं. त्यावर अमिताभ आणि जया बच्चन, हिऱ्यांच्या दागिन्यांची जाहिरात आणि पेढीचं नाव. मूळ जाहिरात तनिष्कची होती. टायटन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली निकाल तिच्या बाजूने लागला. न्यायालयाने त्यात दोन हक्क निरनिराळे मानले. एक, त्या जाहिरातीवरचा कॉपीराइट. दुसरा, आपला चेहरा कुठल्या मालासाठी वापरू द्यायचा हे ठरवण्याचा त्या माणसाचा स्वतःचा हक्क.

माणसांचे, मॉडेल्सचे व्यावसायिक फोटो काढणारा स्टुडिओ या दोन हक्कांच्या मधोमध उभा असतो. लग्नाच्या फोटोग्राफरला गिऱ्हाईक आठवणींचे पैसे देतं. आमच्याकडे येणारी कंपनी फोटो भिंतीवर लावायला नेत नाही. ती चेहरा भाड्याने घेते: अमुक वर्षं, अमुक प्रदेशात, अमुक ठिकाणी छापायला. कॅमेरा, लाइट, एसी, चहा हा सगळा त्या भाडेकराराचा जामानिमा. हे ज्याला उमगत नाही तो फोटो उत्तम काढतो आणि दोन-तीन वर्षांत शटर ओढून घेतो.

आधी जागेचं बोलू, कारण नवा माणूस सर्वांत जास्त पैसा तिथेच घालतो. पूर्ण उंचीच्या माणसाचा फोटो ८५ मिलिमीटरच्या लेन्सने काढायचा तर, कॅमेरा उभा धरूनसुद्धा, साधारण सव्वापाच मीटर मागे जावं लागतं. मॉडेल पडद्याला चिकटून चालत नाही, नाहीतर तिची सावली पडद्यावर पडते आणि पडद्याचा लाइट तिच्या अंगावर येतो. म्हणून ती सात-आठ फूट पुढे. फोटोग्राफरच्या पाठीमागे हलायला तीन-चार फूट. म्हणजे तीस फूट लांबी गेलीच. वरून बूमवर सॉफ्टबॉक्स टांगायचा तर दहा फुटी छताखाली तो मॉडेलच्या केसांना लागतो. चौदा फूट उंची असेल तर श्वास घेता येतो. मुंबईत एवढी जागा मिळते ती जुन्या गिरण्यांच्या आवारात किंवा औद्योगिक गाळ्यांत, आणि तिथलं भाडं ऐकून अनेकांची कला अर्ध्यावर विरते. म्हणून हल्ली शहाणे लोक स्वतःचा स्टुडिओ न थाटता शिफ्टच्या हिशेबाने जागा घेतात. माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं तेच करावं.

पांढऱ्या पडद्यासाठी वापरतात तो सीमलेस पेपरचा रोल २.७२ मीटर रुंद असतो. वरून खाली सोडून जमिनीवर पुढे पसरला की भिंत आणि फरशी यांमधली रेघ नाहीशी होते. मॉडेल त्यावर उभी राहिली की टाचांचे डाग पडतात. मग तेवढा तुकडा कापायचा आणि नवा ओढायचा. कागद महाग, म्हणून आधी चपलांचे तळ पुसायचे, त्यांना टेप लावायची. सायक्लोरामा असेल, म्हणजे भिंत आणि जमीन गोलाईने जोडलेली, तर प्रत्येक मोठ्या शूटआधी पांढऱ्या रंगाचा हात मारावा लागतो आणि तो खर्च बिलात लावायचा असतो. लाइटचं थोडक्यात सांगतो. ब्रँड कुठलाही चालतो, पण दिवसभर शंभरदा पेटला तरी रंग आणि ताकद बदलणार नाही असा हवा. वीजबिल लाइटपेक्षा एसीचंच मोठं येतं. जुलैत थंडीच्या कपड्यांचं शूट असतं, तेव्हा मेकअप घामात वाहून जाऊ द्यायचा नसतो.

साडीच्या कॅटलॉगचं शूट पाहिलं की या धंद्याचा खरा वेग कळतो. सुरतच्या कापडबाजारासाठी होणाऱ्या शूटमध्ये दिवसाला किती साड्या निघतात त्यावर हिशेब ठरतो. मॉडेल एका जागी उभी. ड्रेपर तिच्या पायाशी बसून निऱ्या घालते, इस्त्रीवाला वाफ मारत असतो, मेकअपवाली कानातले बदलते आणि स्टायलिस्ट मागून ब्लाउज क्लिपांनी आवळते. ब्लाउज एकाच मापाचा शिवलेला असतो, मॉडेल्स अनेक मापांच्या. समोरून अगदी अंगाबरोबर बेतलेला दिसतो आणि पाठीवर पाच-सहा काळ्या क्लिपा. ड्रेपर ताई तोंडात पिना धरून बजावते, "श्वास कोंडू नकोस गं, पोट आत घेतलंस की निऱ्या सुटतात." चार पोझेस, एक पदर पसरलेला, एक पाठमोरा (क्लिपा काढून!), आणि पुढची साडी. कॅमेऱ्यातून केबल लॅपटॉपकडे गेलेली असते. कंपनीचा माणूस तिथे बसून रंग ताडतो. हातात खरी साडी, समोर पडदा. रंग थोडा जरी फिरला तरी माल परत येतो, म्हणून प्रत्येक लाइट सेटिंगला रंगपट्टीचा एक फोटो घ्यायचाच. पॅकअपनंतर घेतलेला कामाचा नाही.

माणसाचा चेहरा मात्र रंगपट्टीने सापडत नाही. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेच्या फोटो विभागात गेले, तो विभाग त्यांनी सांभाळला आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रणात उतरले. त्यांची ‘फेसेस’ आणि मराठीतलं ‘चेहरे’ ही पुस्तकं आजही चाळली जातात. समोरच्याला मोकळं करण्यात त्यांचा हातखंडा होता असं सांगतात, आणि ते फोटोंत दिसतंही. मोकळं करण्याची ही सोय लाइटइतकीच खर्चाने उभी करावी लागते. कडी नीट लागणारी चेंजिंग रूम, आरसा, वेळेवर जेवण, सेटवर मोजकीच माणसं. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही, चेंजिंग रूमऐवजी पडदा ओढून "ॲडजस्ट करा" म्हणणारे स्टुडिओ आहेत. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा छोट्या स्टुडिओलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नसते, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती लिहिलेला कागद मेकअपच्या आरशाशेजारी चिकटवायला काही पैसे पडत नाहीत.

आता भाडेकरार. मॉडेल रिलीज नावाचा एक-दोन पानी कागद असतो. त्यावर सही मेकअपच्या खुर्चीत बसण्याआधी घ्यावी. पॅकअप झालं की सगळ्यांचं लक्ष टॅक्सीकडे असतं. कागदात नाव, ओळखपत्र, तारीख, साक्षीदार, आणि मुख्य म्हणजे वापर. फक्त सोशल मीडिया? छापील जाहिरात? होर्डिंग? डब्यावर? एक वर्ष की कायमचा? भारत की जगभर? शिफ्टचे पैसे वेगळे आणि वापराचे वेगळे, ही साधी गोष्ट आपल्याकडे अजून रुजलेली नाही. एका कंपनीने आमच्याकडचा फोटो वर्षभराच्या जाहिरातीसाठी घेतला, आणि मुदत संपल्यावर तोच चेहरा पाकिटावर छापलेला दुकानात दिसला. पाकिटाचं नाव करारात नव्हतं, म्हणून तर मागता आले पैसे. तोंडी ठरलं असतं तर फोनही कुणी उचलला नसता.

स्टॉक फोटोंचा, म्हणजे आधीच काढून ठेवलेले फोटो विकण्याचा धंदा तर पूर्ण या कागदावरच उभा आहे. संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या इमेजेसबझारसारख्या संग्रहाला गिऱ्हाईक मिळालं ते भारतीय चेहऱ्यांमुळे. तोवर इथल्या बँकांच्या माहितीपत्रकांत परदेशी कुटुंबं हसत असायची. पण स्टॉकमधला फोटो कोण घेईल हे मॉडेलला माहीत नसतं. आज शाळेच्या जाहिरातीत, उद्या गुप्तरोगाच्या. म्हणून आजार, राजकारण, कर्ज अशा नाजूक विषयांचं रिलीजमध्ये स्पष्ट लिहून घ्यावं.

फोटो नक्की कुणाचा, या प्रश्नावर नव्या पोरांचा हमखास घोळ होतो. अमेरिकन व्हिडिओ बघून ते समजतात की बटण दाबणारा मालक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे "कोटेशन पाठवलं, हो म्हणाले, शूट झालं" एवढ्यावर काम केलंत तर कंपनी तो फोटो पुढची पंचवीस वर्षं वापरू शकते आणि तुम्हाला बोलायला जागा नाही. उलट हक्क तुमच्याकडे ठेवून ठरावीक मुदतीसाठी परवाना देत असाल, तर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. हक्क करारात लिहून दिला आणि मुदत लिहायची राहिली, तर कलम १९ प्रमाणे ५ वर्षं धरली जातात. प्रदेश राहिला तर भारतापुरता.

पैशाचं रडगाणं गाऊ नये, पण हिशेब सांगतो. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी. बिल फाडलं की कर देय, कंपनीने पैसे दिले असोत वा नसोत. जाहिरात क्षेत्रात तीन महिन्यांची उधारी नेहमीची, म्हणजे दुसऱ्याचा कर आपण खिशातून भरायचा. यावर औषध आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत टळली तर कंपनीला तो खर्च आयकरात तेव्हाच वजा करता येतो, जेव्हा ती प्रत्यक्ष पैसे देते. या शेवटच्या तरतुदीने मार्चअखेर फोन येऊ लागले, "तुमचं बिल पाठवा ना पटकन." व्याज मागण्याची हिंमत फार थोडे करतात. पुढचं काम जाईल ही भीती. तरीही बिलावर उद्यम क्रमांक छापावा. तो पाहूनच काही ठिकाणी चेक लवकर निघतो.

रंगाचा विषय आपल्याकडे नुसता तांत्रिक नाही. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून प्रिंटचा रंग जुळवायला एका गोऱ्या स्त्रीचं कार्ड लॅबना पुरवत असे, शर्ली कार्ड. गहूवर्णी आणि सावळी त्वचा त्या मापात बसतच नसे. आता फिल्म गेली, पण डोळ्यांतलं माप गेलेलं नाही. मेकअपमध्ये दोन शेड उजळ बेस, लाइट पुढून सपाट, आणि रिटचिंगमध्ये उरलंसुरलं. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या चकाकीत असतं. मोठा, मऊ, थोडा बाजूने येणारा लाइट लावला की गालाचं हाड, कपाळ, खांदा आपोआप बोलू लागतात. जास्त उजेड ओतून ती पांढरट करणं हे आळशी काम. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएससीआय संस्थेने २०१४ मध्ये त्वचा उजळ करणाऱ्या उत्पादनांसाठी नियम काढले. त्यात "वापरण्याआधी" दाखवलेली मॉडेल दुःखी, उदास दिसता कामा नये, असंही आहे. नियम वाचून हसू येतं, पण त्याआधीच्या वर्षांत स्टुडिओत मिळणाऱ्या सूचना ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो का लागला हे ठाऊक आहे.

लहान मुलांचं शूट सगळ्यांना गोड वाटतं. नियम कडक आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आईबाप घाईत असतात, कंपनी त्याहून घाईत. नाही म्हणायचं काम स्टुडिओवाल्यावर येतं.

जाता जाता, मुलामुलींना मॉडेल व्हायचं आहे अशा घरांसाठी एक गोष्ट. "आधी आमच्याकडे पोर्टफोलिओ काढा, मग काम देतो" असं सांगणारा काम देणारा नसतो, पोर्टफोलिओ विकणारा असतो. काम मिळवून देणारा खरा कोऑर्डिनेटर पहिल्या भेटीत मोबाइलवर काढलेले साधे फोटो मागतो: बिनमेकअपचे, केस मागे बांधलेले, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे. त्याचं कमिशन मिळालेल्या कामातून निघतं. नाशिक-सोलापुरातून हजारो रुपये भरून आलेली मुलं आम्ही पाहतो. त्यांच्या हातातल्या जाडजूड अल्बममधला एकही फोटो कंपनीला दाखवण्याजोगा नसतो, कारण प्रत्येकात बॅकग्राउंडला धबधबा.

सध्या रिलीजच्या कागदात एका नव्या कलमाची भर पडते आहे. मार्च २०२५ मध्ये एच अँड एम कंपनीने ३० मॉडेल्सच्या डिजिटल प्रतिकृती बनवण्याचं जाहीर केलं; प्रतिकृतीचे हक्क मॉडेलकडेच राहतील आणि वापराचे पैसे तिला मिळतील, असं कंपनीने सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये असा कायदा लागू झाला की मॉडेलची डिजिटल प्रतिकृती तिच्या स्पष्ट लेखी संमतीशिवाय वापरता येणार नाही. आपल्याकडच्या कंपन्यांचे करार मात्र आता "सध्या ज्ञात आणि भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत" असं एक सरसकट वाक्य घालून येतात. त्या वाक्यावर सही केली की एका शिफ्टच्या पैशात चेहरा कायमचा गेला. आम्ही ते वाक्य खोडतो आणि शेजारी लिहितो: या फोटोंवरून कृत्रिम प्रतिमा बनवायची असल्यास वेगळा करार, वेगळे पैसे. बहुतेक कंपन्या कुरकुरतात आणि मान्य करतात. ज्या मान्य करत नाहीत, त्यांच्याकडे मॉडेलला पाठवायचं की नाही हे आम्ही मॉडेलवर सोडतो, पण कागद तिला मराठीत वाचून दाखवल्यावरच.