पोटावरची पट्टी आणि पानावरचा आग्रह

पस्तीस वर्षे आम्ही तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे आयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना शंकराचार्य किंवा कांट अपेक्षित असणार. आम्ही म्हटले, या वेळी पोटाबद्दल बोलतो. ते जरा गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आम्ही 'आम्ही' म्हणतो, त्यात कसला आव नाही बरं का. शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर झाली, पण जेवण घरातल्या दोघांचे बदलले. ही समोरच बसली आहे, आणि जे सांगतो आहोत ते तिला विचारून सांगतो आहोत.

२००९ साली आमचे वजन ११८ किलो होते, उंची पाच फूट सहा इंच. मधुमेह होता, गुडघे दुखत होते, रात्री घोरण्यामुळे हिची झोप गेली होती. वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना आम्ही एक शब्द नेहमी फळ्यावर लिहायचो, 'अक्रेसिया'. चांगले काय ते ठाऊक असूनही माणूस उलटे का वागतो, हा तो प्रश्न. मराठीत याला सोपे नाव आहे: कळतं पण वळत नाही. तास संपला की आम्ही कँटीनमध्ये जाऊन दोन बटाटेवडे खात असू. म्हणजे सिद्धान्त आणि उदाहरण दोन्ही एकाच ठिकाणी उपलब्ध होते.

पट्टी नेमके काय करते

आधी यंत्र समजून घेऊ. गॅस्ट्रिक बँड म्हणजे सिलिकॉनची एक गोल पट्टी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवतात. पट्टीच्या वर जठराचा एक छोटा कप्पा उरतो, दोन-तीन मोठे चमचे मावतील एवढाच. पट्टीच्या आतल्या बाजूला फुगा असतो. त्याला जोडलेली नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका छोट्या डबीपर्यंत येते. त्या डबीला पोर्ट म्हणतात. डॉक्टर कातडीतून तिच्यात सुई घालून थोडे सलाइन भरतात किंवा काढतात. भरले की पट्टी आवळते, काढले की सैल होते. जठर कापत नाहीत, आतडे वळवत नाहीत, आणि लागलीच तर पट्टी काढता येते. अशी पट्टी दुर्बिणीने बसवण्याची सुरुवात १९९३ साली बेल्जियममध्ये झाली, आणि अमेरिकेत २००१ साली तिला मान्यता मिळाली. आता ती फारशी बसवत नाहीत. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्हची शस्त्रक्रिया जास्त होते, आणि भूक कमी करणारी इंजेक्शनेही आली आहेत. पण ज्यांच्या पोटात पट्टी आहे असे लोक पुष्कळ आहेत. शिवाय आमचे म्हणणे पट्टीपुरते नाही.

बहुतेकांना वाटते, आणि आम्हालाही वाटत होते, की पट्टी म्हणजे दाराला कडी. अन्न अडते, म्हणून माणूस कमी खातो. तसे नाही. नीट चावलेला लहान घास पट्टीजवळ येतो, अन्ननलिका त्याला दोन-चार वेळा ढकलते आणि तो खाली जातो. याला मिनिटभर लागू शकते. या ढकलण्याने आणि दाबाने तिथल्या नसा मेंदूला कळवतात की पुरे झाले. म्हणजे पट्टी अन्न अडवण्यासाठी नाही, निरोप पाठवण्यासाठी आहे. निरोप ऐकायचा की नाही, हे माणसाकडेच राहते.

म्हणून डॉक्टरांचे नियम सोपे असतात. घास लहान. चावणे भरपूर. एक घास खाली गेल्याशिवाय दुसरा नाही. एका वेळी साधारण अर्धा कप अन्न, आणि वीस मिनिटांत जेवण संपवायचे. उरले तर उरले. जेवताना पाणी नाही, ते आधी किंवा अर्ध्या तासाने. प्रथिने आधी, म्हणजे उसळ, पनीर, अंडे किंवा मासा, भात-पोळी नंतर.

पहिले दोन महिने

शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार होता. त्याने यकृत जरा आकसते आणि सर्जनला जागा मिळते. नंतरचे दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचे पाणी, ताक, गाळलेले सूप. मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि पाच-सहा आठवड्यांनी नेहमीचे. घाई करायची नाही, कारण पट्टीभोवतीचे टाके आणि सूज बसायला वेळ लागतो. ओकारी झाली तर पट्टी सरकू शकते.

नेहमीचे जेवण सुरू झाले तेव्हा कळले की आपल्या ताटातली कितीतरी मंडळी पट्टीला मानवत नाहीत. ताजी मऊ पोळी तोंडात गोळा होते आणि अडकते. पावाचेही तेच. चिकट भात अडकतो. गवारीचे, शेवग्याचे तंतू अडकतात. त्या मानाने कडक भाजलेली भाकरी, नीट चावली तर, बरी जाते. मुगाचे धिरडे जाते, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ जाते. पण हे प्रत्येकाचे वेगळे असते, आणि ज्याचे त्याने शोधायचे असते.

अडकणे म्हणजे काय ते सांगतो. छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे होते. तोंडाला फेसाळ लाळ सुटते, थांबत नाही. मग जे खाल्ले ते तसेच वर येते. चौथ्या महिन्यात पुतण्याचे लग्न होते. पंगतीला बसलो. व्याही हातात जिलबीचे ताट घेऊन समोर आले आणि म्हणाले, "सर, एवढ्याने काय होतंय? लाजू नका." आम्ही लाजलो नाही. गप्पांच्या नादात पुरीचे दोन मोठे घास घेतले. पाच मिनिटांनी आम्ही हात धुवायच्या नळांमागे वाकून उभे होतो आणि ही शेजारी रुमाल घेऊन उभी होती. तिकडे पंगतीत कोणीतरी म्हणत होते, "सरांना जेवण आवडलं नाही वाटतं."

घरी आल्यावर ही रडली. आम्हाला वाटले काळजीने. ती म्हणाली, "चार महिने झाले, मी पान वाढते आणि तुम्ही त्याच्याकडे औषधासारखं बघता. मी करायचं कशासाठी?"

याची तयारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. डॉक्टरांनी कागद दिले होते, आहारतज्ज्ञांनी तक्ता दिला होता. पण तीस वर्षे जिने माया ताटात वाढली, तिने ती आता कुठे वाढायची, हे कुठल्याच तक्त्यात नव्हते. आपल्याकडे आग्रह हा नुसता शिष्टाचार नाही. 'अजून एक घ्या' म्हणजे 'तुम्ही मला हवे आहात', आणि 'नको' म्हणणे म्हणजे ते नाकारणे. ही भाषा आपण बोलतो, आणि तिला पर्यायी शब्द आपल्याकडे तयार नाहीत.

आमरसाची वाट

दुसऱ्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. २२ किलो उतरले होते, आणि वजन अचानक थांबले. आम्ही डॉक्टरांना म्हणालो, पट्टी आवळा. आवळली. पुढच्या महिन्यात वजन दीड किलोने वाढले. पुन्हा आवळायला गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी सात दिवसांचे सगळे लिहून आणायला सांगितले. लिहिले. सकाळी दोन पोह्यांचे घास, अडकले, सोडून दिले. दुपारी भाकरी जाईना, म्हणून वाटीभर आमरस. चारला चहात बुडवलेली बिस्किटे. रात्री उसळ जाईना, म्हणून बासुंदी.

बघा, पट्टीला घट्ट पदार्थ कळतात. आमरस, श्रीखंड, आइस्क्रीम यांना ती अडवत नाही; ते सरळ खाली जातात आणि निरोपही पाठवत नाहीत. पट्टी जितकी घट्ट, तितके चांगले अन्न जाईना, आणि तितका माणूस पातळ गोडाकडे वळतो. घट्ट पट्टी म्हणजे चांगली पट्टी, हा आमचा समज उलटा निघाला. सैल असली तर भूक लागते आणि घास मोठे होतात. फार घट्ट असली तर अडकणे, रात्री खोकला, आंबट पाणी वर येणे. मधली एक जागा असते, तिथे थोड्यात समाधान होते. त्या दिवशी थोडे सलाइन काढले, आणि वजन पुन्हा उतरू लागले.

होमरच्या काव्यात ओडिसिअस स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, गाण्याच्या मोहाने समुद्रात उडी पडू नये म्हणून. उद्याच्या आपल्यावर आजच्या आपण विश्वास ठेवत नाही, म्हणून आजच दोर बांधायचा. आम्हीही हेच केले असे आम्हाला वाटत होते. पण ओडिसिअसने खलाशांना सांगून ठेवले होते की मी ओरडलो तरी सोडू नका. आम्ही आमच्या खलाशांना काहीच सांगितले नव्हते. उलट घरात आमरसाचे डबे आम्हीच आणत होतो.

मग आम्ही दोघे बसलो आणि घरातले जेवण नव्याने ठरवले. मोठी ताटे वर फडताळात गेली, न्याहारीच्या बशा खाली आल्या. वाढायचे एकदाच. 'अजून' हा शब्द दोघांनीही वापरायचा नाही. आणि एक गोष्ट हिने मागितली. ती म्हणाली, "वीस मिनिटं तुम्हाला लागणारच आहेत ना? मग मी तुमच्याबरोबर बसते." तीस वर्षांत ही कधी आमच्याबरोबर जेवली नव्हती. वाढायची, सगळ्यांचे झाले की गार झालेले खायची. पट्टीमुळे आमच्या घरी पहिल्यांदा दोन पाने एकदम मांडली गेली. त्या वीस मिनिटांत आम्ही बोलू लागलो. आता तिची माया कुठे वाढायची ते तिनेच शोधून काढले, त्याचे श्रेय आम्हाला नाही.

बाहेर जेवायला जाताना यजमानांना आदल्या दिवशी फोन करायचो: "थोडं खाणार आहोत, पण तुमच्याकडे बसायला येतोय." हे एक वाक्य पुरते. आधी सांगितले की अपमान होत नाही, पानावर बसून सांगितले की होतो.

पट्टी निघाल्यावर

वजन ९१ किलोपर्यंत आले. मधुमेहाच्या गोळ्या तीनवरून एकावर आल्या. दहा वर्षे बरी गेली. २०१९ च्या पावसाळ्यात रात्रीचा खोकला सुरू झाला, मग पाणीसुद्धा अडू लागले. तपासणीत पट्टी सरकल्याचे दिसले. आधी सलाइन पूर्ण काढले आणि नंतर पट्टीच काढली. पट्ट्यांच्या बाबतीत हे दुर्मीळ नाही. म्हणूनच तर त्यांचा वापर कमी झाला. ज्यांच्या पोटात ती आहे त्यांनी नियमित तपासणी सोडू नये. रात्रीचा खोकला, वारंवार ओकारी, पोर्टजवळ लाली किंवा दुखणे असेल तर लगेच दाखवावे. ओकाऱ्या लांबल्या तर शरीरातले थायमिन कमी होऊन नसांना इजा होऊ शकते. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

पट्टी निघाली आणि पंधरा दिवसांत जुनी भूक परत आली. तीच ती, ११८ किलोची. आम्ही घाबरलो होतो, हे कबूल करतो. दोर सुटला, आता?

ॲरिस्टॉटल मायलो नावाच्या मल्लाचे उदाहरण देतो. दहा मापे अन्न जास्त आणि दोन मापे कमी असेल, म्हणून सहा मापे सर्वांना योग्य ठरत नाहीत. मायलोला ती कमी पडतील आणि आखाड्यात नुकत्याच उतरलेल्याला जास्त होतील. मध्य हा आकड्यात नसतो, आपल्या संदर्भात असतो, आणि तो करून करूनच सापडतो. आपल्या अष्टांगहृदयातही पोटाचे चार भाग सांगितले आहेत: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक मोकळा. मोकळा भाग कुठे सुरू होतो हे मात्र ज्याचे त्याला ओळखावे लागते. दहा वर्षे पट्टीने आम्हाला ती जागा दाखवली. ती निघाल्यावर निरोप मोठ्याने येत नाही, पण पुसट येतो. सावकाश खाल्ले तरच ऐकू येतो.

गेल्या वर्षी एका श्रोत्या ताईंनी विचारले होते, "पट्टी काढावी लागली, नऊ किलो परत आले, मग एवढं सगळं करून मिळवलं काय?" त्या दिवशी आम्ही काहीतरी विद्वत्तेचे बोललो. आज सरळ सांगतो. नऊ किलो परत आले, अठरा आले नाहीत. न्याहारीच्या बशा अजून खालीच आहेत. जेवायला अजून वीस मिनिटे लागतात. आज रात्री इथून घरी गेल्यावर आम्ही दोघे मुगाचे धिरडे खाणार आहोत, एकदम बसून. कोणाला शस्त्रक्रिया करायची असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा, सगळे विचारा. पण घरात जी व्यक्ती तुमचे पान वाढते तिलाही पहिल्याच भेटीला बरोबर न्या. आम्ही नेले नव्हते.