जोत्याचे दगड आणि गवंड्याचा ठेका

थंड मुलखात दगडी भिंतीच्या दर्जांत शिरलेले पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि दगड ढिले करते. आपल्या वर्धा जिल्ह्यात तेच काम काळी माती करते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोदावा लागतो. पण गवंड्याला ठोक रकमेत ठेका दिला, की दोन हात जास्त खोदणे त्याला परवडत नाही. आणि उथळ पाया बुजल्यावर दिसतो कोणाला? आमच्या बाबांनी दगडकामाचा भाव १०० घनफुटांच्या ब्रासवर ठरवला, खोदाई निराळी मोजली आणि मुरूम डोळ्यांनी पाहूनच पहिला दगड बसवू दिला. सिमेंटच्या दर्जांवर निदान ७ दिवस पाणी कोणी मारायचे, हेही आधीच बोलून घ्यावे. मे महिन्यात विहिरी आटल्या, की भांडण तिथेच सुरू होते.